भाकरी इज हार्ड का भाकरी वॉज हार्ड? इंग्लिश रिव्ह्यूतला काळ कसा ठरवायचा

दोन वर्षांपूर्वी गड्ड्याच्या, म्हणजे आमच्या सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेच्या दिवसांत आम्ही चौघं एका खानावळीत जेवायला गेलतो. संक्रांतीचा आठवडा, होम मैदानावर पाय ठेवायला जागा नाही, नंदीध्वज बघायला आलेली सगळी गावाकडची मंडळी जेवायला पण शहरातच, त्यामुळं बसायला वीस मिनिटं आणि ताट यायला पाऊण तास. मला भूक अजिबात सहन होत नाही. तिथंच बाकड्यावर बसून मोबाईलवर लिहून टाकलं, दोन स्टार, 'सर्विस इज व्हेरी स्लो'. आमच्यात एक पुण्याचा मित्र होता, त्यानं पण लगेच लिहिलं, 'भाकरी इज हार्ड'.

पुढं सात-आठ महिन्यांनी एका मंगळवारी दुपारी परत तिथंच गेलो, पाच मिनिटांत ताट समोर. मी खातोय तर खानावळवाल्या काकूंचा पोरगा फोन घेऊन आला आणि म्हणाला, "दादा, हे तुम्हीच लिहिलंय ना? रोज पाच मिनिटांत ताट देतो ओ आम्ही, लोकं हे वाचून बाहेरनंच परत जातेत." घास घशात अडकला म्हणतात ते मला तेव्हा कळलं, आणि तोही कडक भाकरीचा.

आता गंमत बघा. इज आम्ही दोघांनी पण लिहिलं, पण त्याचं इज बरोबर होतं आणि माझं चूक. कडक भाकरी ही कडकच असते, ती तशीच करतात, वाळवून, टिकायला. ती काल पण कडक होती, आज पण आहे आणि उद्या तुम्ही गेलात तरी कडकच मिळणार, पापडासारखी मोडायची आणि आमटीत कुस्करायची नाहीतर शेंगाचटणी-दह्याबरोबर हाणायची. त्याला ती तक्रार वाटली हा त्याचा प्रॉब्लेम, वाक्य खरं होतं. मी मात्र गड्ड्यातल्या एका दुपारची गोष्ट घेतली आणि ती वर्षभरासाठी त्यांच्या दारावर चिकटवली. 'सर्विस वॉज व्हेरी स्लो, इट वॉज यात्रा वीक' एवढं लिहिलं असतं तर माझी भूक पण खरी राहिली असती आणि त्यांचं गिऱ्हाईक पण.

तेव्हापासनं हा विषय डोक्यात बसलाय, आणि कामच तसलंय, आत्याच्या मुलाचं चादरी-टॉवेलचं दुकान आहे, त्याचं ऑनलाइनचं सगळं मी बघतो, म्हणजे दिवसभर लोकांचे इंग्लिश रिव्ह्यू वाचायचे आणि उत्तरं द्यायची. त्यातनं जे कळलं ते लिहितोय. ग्रामरच्या पुस्तकात बारा काळांचा तक्ता असतो, आपण सगळ्यांनी तो दहावीला घोकलाय, पण रिव्ह्यू लिहायला बसलं की तक्त्याचा काय उपयोग होत नाही, कारण तक्ता काळ कसा बनवायचा ते सांगतो, कुठला घ्यायचा ते नाही.

तर वाक्य लिहायच्या आधी स्वतःला एकच विचारायचं. मी जे सांगतोय ते मी तिथनं उठून घरी आल्यावर पण तिथं तसंच आहे का, का ते त्या दिवशी माझ्याबरोबर घडलं आणि संपलं? तसंच आहे, तर प्रेझेंट. घडून गेलं, तर पास्ट. खानावळीचं घ्या. ती सात रस्त्याजवळ आहे, तिथं ज्वारीची भाकरी मिळते, रात्री दहाला बंद होते, पार्किंग नाही, हे सगळं तुम्ही असा नसा तसंच आहे, म्हणून 'इट इज निअर सात रस्ता', 'दे सर्व्ह ज्वारी भाकरी', 'दे क्लोज ॲट टेन', 'देअर इज नो पार्किंग'. तुम्ही काय मागवलं, किती थांबलात, आमटी गार आली का गरम, बिलात काय घोळ झाला, हे तुमचं, त्या दिवसाचं, म्हणून 'वी ऑर्डर्ड', 'वी वेटेड', 'द आमटी वॉज कोल्ड'. एकाच रिव्ह्यूत दोन्ही काळ आले म्हणून कोण तुमचे मार्क कापत नाही. शाळेत एक वेडगळ नियम डोक्यात घालून देतात की एका उताऱ्यात एकच काळ पाहिजे. असं काय नाही. काळ बदलायला कारण पाहिजे एवढंच.

खरी अडचण चवीत आणि माणसांत येते. 'द चटणी इज टू ऑयली' का 'वॉज टू ऑयली'? एकदाच खाल्ली असेल तर माझ्या मते वॉज. पाच-सहा वेळा खाऊन दर वेळी तेल तरंगत असेल तर खुशाल इज लिहा, तुम्ही ते कमावलंय, आणि सोबत हे पण सांगा की पाच-सहा वेळा खाल्लीय. 'द स्टाफ इज रूड' हे तर लिहिताना दहादा विचार करा, कारण बऱ्याचदा एक पोरगं असतं, त्या दिवशी त्याचं कुणाशी तरी वाजलेलं असतं, आणि तुम्ही लिहिता की इथली माणसंच उद्धट आहेत. 'वन वेटर वॉज रूड टू अस' लिहिलं की वाचणाऱ्याला नेमकं कळतं. कौतुकाचं पण तसंच, फक्त तिथं आपण जरा सढळ असलो तर कुणाचं नुकसान होत नाही म्हणून मी फार बोलत नाही.

इथंच एक जोडी लक्षात ठेवा, फार कामाला येते. 'द चटणी कुड बी बेटर' आणि 'द चटणी कुड हॅव बीन बेटर'. कुड दिसलं की लोकांना वाटतं हा पास्ट झाला. नाही. पहिल्यातला कुड फक्त नरमाईचा, म्हणजे चटणी आत्ता पण आहे तशीच आहे, सुधारता येईल. दुसरं वाक्य त्या दिवशीच्या चटणीबद्दल, ती वेळ गेली. तसंच 'आय वूड रेकमेंड' मधला वूड, तो पण भूतकाळ नाही, आपण 'मी सुचवीन' म्हणतो तसं आहे ते.

आता मराठी माणसाची खास चूक, मी पण वर्षानुवर्षं केलीय. 'आय हॅड गॉन टू धिस हॉटेल यस्टरडे.' 'वी हॅड ऑर्डर्ड टू थाळीज.' 'द फूड हॅड बीन नाइस.' हे येतं कुठनं? आपल्या 'गेलो होतो'तनं. आपण कालची कुठलीही गोष्ट सांगायला लागलो की पहिलं वाक्य 'मी काल गेलो होतो' असंच असतं, गेलतो, आलतो, खाल्लतं. मराठीत ते एकदम नैसर्गिक आहे, मी वरची पहिली ओळ पण तशीच लिहिलीय. पण इंग्लिशमधला हॅड एकटा येत नाही, त्याला पुढं अजून एक घडून गेलेली गोष्ट लागते, जिच्या आधी हे घडलं. 'व्हेन वी रीच्ड, द भाकरी हॅड फिनिश्ड', आम्ही पोचलो त्याच्या आधीच भाकरी संपली होती, इथं हॅड पाहिजेच, काढला तर आम्ही पोचलो आणि पोचल्याबरोबर भाकरी संपली असा अर्थ होतो. पण नुसतं 'आय हॅड गॉन' लिहिलं की इंग्लिश वाचणारा थांबतो, बरं, गेला होतास, मग? पुढं काय झालं? पुढं काहीच नसतं. तिथं साधं 'आय वेंट' लिहायचं. माझा एक सोपा उपाय, रिव्ह्यू लिहून झाला की त्यातले सगळे हॅड शोधायचे आणि एकेक काढून वाक्य वाचून बघायचं, दहातले आठ गेले तरी काय बिघडत नाही. जेवलो या अर्थाचा 'वी हॅड लंच' मधला हॅड वेगळा, तो राहू द्या, त्याला हात लावला तर उपाशी राहाल.

उलटी चूक पण आहे. मराठीत आपण घडून गेलेल्या रूपात चालू गोष्ट बोलतो. 'मला भूक लागली' म्हणजे भूक आत्ता आहे. बस लांब दिसली तरी आपण ओरडतो 'बस आली!' आणि आई दारातनं 'आलेच' म्हणून आत जाते ती अर्ध्या तासानं येते. त्यामुळं 'मला हे दुकान आवडलं'चं सरळ 'आय लाइक्ड धिस शॉप' होतं. चुकीचं नाही, पण त्यात 'तेव्हा आवडलं' असा वास येतो. अजून आवडतंच, परत जाणार आहात, तर 'आय लाइक धिस शॉप' किंवा 'आय लव्ह धिस प्लेस' लिहा. तुमचं आत्ताचं मत हे आत्ताचंच आहे, दुकानात मागच्या महिन्यात गेला असलात तरी 'आय थिंक', 'आय रेकमेंड', ही प्रेझेंटच.

आणि चालू काळाचं काय? सोलापुरात आपण 'काय करलालास बे' म्हणतो तेव्हा विचारणारा या क्षणाचं विचारत असतो. इंग्लिशचा आयएनजी पण असाच, या क्षणाचा. 'दे आर सर्व्हिंग गुड फूड' म्हणजे आत्ता ताटं चाललीत तिथं, तुम्ही जणू दारात उभं राहून कॉमेंट्री देताय. नेहमीचं सांगायचं तर 'दे सर्व्ह गुड फूड'. 'दे आर हॅविंग एसी' हे तर आपल्याकडं पाटीवर पण दिसेल, 'दे हॅव एसी' बास.

आता वस्तूंच्या रिव्ह्यूकडं येतो, म्हणजे माझ्या रोजच्या पोटापाण्याच्या विषयाकडं. वस्तूचं आणि खानावळीचं वेगळं असतं, कारण वस्तू तुमच्या घरी येऊन राहते. खानावळीतलं ताट संपलं, चादर पुढची दहा वर्षं पलंगावर आहे. म्हणून इथं काळ तीन लागतात, आणि तिसरा नेमका आपला कच्चा असतो.

एक रिव्ह्यू सांगतो, आमच्याच दुकानाचा आहे, शब्द थोडे बदललेत, गिऱ्हाईकाला ओळखू येऊ नये म्हणून. 'चादर इज कम लेट. कलर वॉज रेड इन फोटो बट इट वॉज मरून. आय ॲम युजिंग सिन्स सिक्स मंथ्स. इट वॉज व्हेरी सॉफ्ट.' तीन स्टार. आत्येभावानं वाचलं आणि त्याचं पहिलंच वाक्य, "वॉज सॉफ्ट म्हणजे? आता कडक झाली काय?" मी त्या बाईंना फोन लावला, तर त्या म्हणाल्या, "नाही ओ, अजून मऊच आहे, दर धुण्याला अजून मऊ होते, म्हणून तर सहा महिन्यांनी मुद्दाम लिहिलं." म्हणजे त्यांना कौतुक करायचं होतं आणि वाचणाऱ्याला कळत होतं की आधी मऊ होती, आता गेली. एका वॉजनं एवढं होतं. इंग्लिशमध्ये वॉज लिहून पुढं गप्प बसलं की वाचणारा आपोआप समजतो की आता तसं नाही. 'इट वॉज सॉफ्ट' च्या पुढं एक न लिहिलेलं 'बट' लोंबकळत असतं.

तो रिव्ह्यू नीट केला तर कसा होईल बघू. चादर उशिरा आली, ती गोष्ट संपली, 'द चादर केम लेट'. पोचली एकदाची, आता दर आठवड्याला थोडीच उशिरा येणार आहे. रंगाचं वाक्य मजेशीर आहे, त्यात दोन्ही काळ पाहिजेत, 'इट लुक्ड रेड इन द फोटो बट इट इज मरून', फोटोत लाल दिसली ती मागवताना, तो भ्रम गेला, मरून मात्र ती आजही आहे आणि राहणार. इथं 'इट वॉज मरून' लिहिलं तर वाटतं की रंग उडून आता अजून तिसराच झालाय, आणि सोलापुरी चादरीबद्दल असं कुणाला वाटू देणं म्हणजे पापच. मग सहा महिन्यांचं. 'मी सहा महिने वापरतोय' हे मराठीत साध्या चालू काळात बसतं म्हणून आपण 'आय ॲम युजिंग' लिहितो. पण इंग्लिशमध्ये मागे कधीतरी सुरू झालेलं आणि अजून चाललेलं असेल तर त्याला हॅव लागतो, 'आय हॅव बीन युजिंग इट फॉर सिक्स मंथ्स'. किती काळ ते सांगायला फॉर, कधीपासनं ते सांगायला सिन्स, म्हणजे फॉर सिक्स मंथ्स पण सिन्स दिवाळी. आणि शेवटी, 'इट इज स्टिल व्हेरी सॉफ्ट'. तो 'स्टिल' सोन्यासारखा आहे, सहा महिन्यांची परीक्षा त्या एका शब्दात येते.

हॅववाला काळ वापरताना एक पथ्य पाळायचं, त्याच्या शेजारी नेमकी संपलेली वेळ ठेवायची नाही. 'आय हॅव बॉट इट लास्ट मंथ' चालत नाही, 'आय बॉट इट लास्ट मंथ'. 'आय हॅव वॉश्ड इट टेन टाइम्स' चालतं, कारण ते आजपर्यंतचं मोजमाप आहे आणि उद्या अकरावं धुणं होऊ शकतं.

किमतीत एक चकवा आहे. कॉस्ट या शब्दाचा पास्ट पण कॉस्टच, स्पेलिंगमध्ये काडीचा फरक नाही. 'द चादर कॉस्ट सेव्हन हंड्रेड' म्हणजे मला सातशेला पडली. 'द चादर कॉस्ट्स सेव्हन हंड्रेड' म्हणजे आजचा भाव सातशे. शेवटचा एस राहिला तर भाव कालचा होतो, आणि एस चुकून लावलात तर दोन वर्षांनी गिऱ्हाईक तुमचा रिव्ह्यू दाखवून दुकानदाराशी भांडतं, हे मी काउंटरमागनं बघितलंय. सगळ्यात सुरक्षित म्हणजे 'आय पेड सेव्हन हंड्रेड', त्यात वाद नाही. रीड शब्द पण असलाच चोर, लिहायला एक, वाचायला रीड आणि रेड, म्हणून 'आय रीड द लेबल' लिहिताना आजूबाजूला काल-परवाचा काहीतरी उल्लेख टाका.

पिक्चर आणि पुस्तकाच्या रिव्ह्यूत मात्र बऱ्याच जणांचा गोंधळ उडतो, कारण आपण पिक्चर बघितला काल, मग गोष्ट पण कालची असं वाटतं. इंग्लिशमध्ये रिव्ह्यू लिहिताना गोष्ट प्रेझेंटमध्येच सांगायची पद्धत आहे. हिरो गावाला जातो, बाप नाही म्हणतो, पावसात भांडण होतं. का? कारण पिक्चर संपलेला नाही, तुम्ही बघून घरी आलात तरी उद्या भागवत टॉकीजला बारीक पोरं तिकीट काढून बसतील तेव्हा तो हिरो परत गावाला जाणारच आहे. आणि आपल्याला हे काही नवीन नाही. 'तुका म्हणे' याचा विचार केलाय कधी? तुकोबांना जाऊन पावणेचारशे वर्षं झाली तरी अभंगात ते म्हणतातच. जुन्या मराठीत म्हणे म्हणजे म्हणतो, आत्ता. आपण कीर्तनात 'तुकोबा म्हणाले होते' असं कधी ऐकलंय का? 'माउली सांगतात', 'तुकोबा म्हणतात'. इंग्लिशमधलं 'द ऑथर सेज', 'द पोएट आस्क्स' हे अगदी तेच आहे, लेखक हयात असो नसो, पुस्तकात तो बोलतोय.

पण गोष्ट प्रेझेंट म्हणून सगळंच प्रेझेंट नाही, आणि हे समजवायला आपल्या सोलापूरच्याच माणसाइतकं चांगलं उदाहरण नाही. डॉ. द्वारकानाथ कोटणीस. १९१० साली सोलापुरात जन्म, १९३८ मध्ये भारतातनं पाच डॉक्टरांचं पथक चीनला गेलं त्यात हे, बाकीचे चौघं परत आले, हे तिथंच ९ डिसेंबर १९४२ ला गेले. भैय्या चौकाकडं त्यांचं स्मारक आहे. त्यांच्यावर व्ही. शांतारामांनी १९४६ मध्ये 'डॉ. कोटणीस की अमर कहानी' काढला आणि स्वतःच कोटणीस झाले. आता याचा इंग्लिश रिव्ह्यू लिहायचाय. खऱ्या माणसाबद्दल सगळं पास्ट, 'कोटणीस वॉज बॉर्न इन सोलापूर', 'ही वेंट टू चायना इन नाइन्टीन थर्टीएट', 'ही डाइड इन नाइन्टीन फोर्टीटू'. पिक्चर कधी आला, कुणी काढला, ते पण पास्ट, 'शांताराम डिरेक्टेड इट', 'इट वॉज रिलीज्ड इन नाइन्टीन फोर्टीसिक्स', ते एकदाच घडलं. पण पडद्यावरचं सगळं प्रेझेंट, 'शांताराम प्लेज कोटणीस', 'द यंग डॉक्टर लीव्ज होम', 'ही मॅरीज अ चायनीज नर्स', 'ही डाइज'. बघा, 'ही डाइड' म्हटलं की आपले डॉक्टर गेले, 'ही डाइज' म्हटलं की पडद्यावरचे. एका अक्षरात माणूस आणि पिक्चर वेगळे झाले. खऱ्या माणसावरच्या पिक्चरचा रिव्ह्यू लिहिताना हे इतकं उपयोगी पडतं की मुद्दाम सांगायची गरज उरत नाही, हे पिक्चरमध्ये होतं आणि हे खरं होतं असं, क्रियापदच सांगतं.

अभिनयाचं मत पण प्रेझेंट. 'शांताराम इज वंडरफुल इन द रोल', ते आज नाहीत म्हणून वॉज करायची गरज नाही, पडद्यावरचं काम अजून तसंच आहे. तुमचं स्वतःचं मात्र पास्ट, 'आय वॉच्ड इट लास्ट नाइट', 'आय क्राइड ॲट द एंड'. रडलात तुम्ही काल, पिक्चर थोडाच रोज तुम्हाला रडवतो.

गोष्टीच्या आतली मागची गोष्ट असेल तर ती पास्टमध्ये जाते. समजा पिक्चर आहे एका मिल कामगाराच्या पोराचा, बापाची मिल बंद पडली होती, पोरगं आता चहाचा गाडा चालवतं. 'हिज फादर लॉस्ट हिज जॉब व्हेन द मिल क्लोज्ड, अँड नाऊ ही रन्स अ टी स्टॉल.' पिक्चर सुरू व्हायच्या आधीचं लॉस्ट, पिक्चरमध्ये चाललेलं रन्स. इथं सगळंच प्रेझेंट केलं तर मिल पण आत्ताच बंद पडतेय असं वाटतं.

नाटकाचं अजून थोडं वेगळं. हुतात्मा स्मृती मंदिरात परवा एक प्रयोग बघितला, नाटकाची गोष्ट लिहिताना प्रेझेंट, सासू येते, जावई लपतो. पण त्या रात्रीच्या प्रयोगाचं पास्ट, कारण तो प्रयोग परत होणार नाही. माइक दोनदा गेला, 'द माइक फेल्ड ट्वाइस'. मुख्य नट एक वाक्य विसरला आणि त्यानं ते असं काही सावरलं की लोकांनी उलट टाळ्या वाजवल्या, 'ही फरगॉट अ लाइन अँड सेव्ह्ड इट'. 'ही फरगेट्स अ लाइन' लिहिलं तर वाचणाऱ्याला वाटेल विसरणं संहितेतच लिहिलंय.

बंद पडलेल्या, बदललेल्या जागांचं थोडक्यात. जागा राहिलीच नाही तर सगळं पास्ट. जागा आहे पण एखादी गोष्ट गेली, तर 'यूज्ड टू', 'दे यूज्ड टू सर्व्ह ऑन लीफ प्लेट्स', पूर्वी पत्रावळीवर वाढायचे. आपलं 'वाढायचे' आणि हा 'यूज्ड टू' जुळे भाऊ आहेत. आणि महिनाभरानं मत बदललं तर जुनं वाक्य खोडून नवं करू नका, खाली तारीख टाकून नवं लिहा, नाहीतर जुन्या इजच्या शेजारी नवा इज येऊन दोघं भांडत बसतात.

तपासायचं कसं, तर मी अजून कागदावर करतो. रिव्ह्यू लिहून झाला की फक्त क्रियापदं एकाखाली एक उतरवायची, बाकी काही नाही. इज, केम, लुक्ड, इज, हॅव बीन युजिंग. मग प्रत्येकापुढं बोट ठेवून विचारायचं, अजून आहे का गेलं? जिथं उत्तर द्यायला अडखळाल तिथं बहुतेक काळ चुकलेला नसतो, तुम्हालाच अजून ठरलेलं नसतं की एका वेळेचं बोलायचंय का नेहमीचं. ते आधी ठरवा, काळ आपोआप येतो.

त्या मंगळवारी मी ताटावरच फोन काढला, इजचं वॉज केलं, पुढं यात्रेचं लिहिलं, आणि काकूंच्या पोराला दाखवलं. त्यानं आईला दाखवलं. काकू हात पुसत बाहेर आल्या, फोनकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. मी आपला उत्साहात समजावून सांगतोय की काकू, इज म्हणजे रोज आणि वॉज म्हणजे त्या दिवशीच. काकू म्हणाल्या, "ते तुझं इज-वॉज राहू दे, स्टार किती केलास ते सांग." दोनच होते, ते बदलायचं डोक्यातच आलं नव्हतं. तिथल्या तिथं चार केले. पाचवा दिला नाही, दही संपलं होतं.